शेवटची तीन प्रकरणं कापलेला ‘द गोल्डन कंपस’

आधीच सूचना: पुढे कथेचा शेवट फोडला आहे.

फिलिप पुलमनच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५) या कादंबरीत २३ प्रकरणं आहेत. त्यावरचा क्रिस वाइट्झचा २००७चा चित्रपट ‘द गोल्डन कंपस’ शेवटच्या तीन प्रकरणांच्या आधीच थांबतो. ती चित्रित झाली होती, पण पुढच्या भागाची सुरुवात म्हणून राखून ठेवली. पुढचा भाग कधी आलाच नाही. पडद्यावर उरल्या ११३ मिनिटांच्या शेवटी नायिका लायरा आणि तिचा मित्र रॉजर फुग्यात बसून हसतमुखाने उत्तरेकडे निघतात. पुस्तक वाचलेल्याच्या पोटात तिथेच गोळा येतो, कारण रॉजर कुठे चालला आहे हे त्याला ठाऊक असतं.

नुकसान नेमकं किती, हे कळायला कथेचं यंत्र उघडून बघावं लागतं. लायराच्या जगात माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात वावरतो. त्याला डीमन म्हणतात. आपल्या गोष्टींतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, तसंच. फक्त हा पोपट सात समुद्रांपलीकडे लपवलेला नसतो, खांद्यावर बसून वाद घालत असतो. लहान मुलांचे डीमन रूपं बदलतात आणि वयात येताना एकाच रूपात स्थिरावतात. बोलव्हंगारच्या केंद्रात मुलं पळवून नेतात आणि पातं पाडून मूल व डीमन यांच्यातला धागा तोडतात. त्या तुटण्यातून प्रचंड ऊर्जा सुटते. लायराचा बाप, संशोधक लॉर्ड ॲझ्रिएल, याला दुसऱ्या जगात जाणारा पूल उघडायला नेमकी तीच ऊर्जा हवी असते, आणि त्यासाठी हवं असतं एक मूल. दारात लायराला पाहून तो हादरतो. मग तिच्या मागे उभा असलेला रॉजर दिसतो आणि तो शांत होतो. मित्राला वाचवायला निघालेली मुलगी त्याला स्वतःच्या हाताने मरणाच्या दारात आणून सोडते. लायरा जिथे वाढली त्या जॉर्डन कॉलेजच्या मास्टरांना, म्हणजे प्रमुखांना, सुरुवातीलाच जी भीती वाटत असते, की ही मुलगी नकळत कुणाचा तरी घात करेल, तिचा अर्थ इथे उलगडतो.

हे काढलंत की बोलव्हंगारचं पातं म्हणजे केवळ दुष्टांकडचं भयंकर यंत्र उरतं, ॲझ्रिएल देखणा शास्त्रज्ञ उरतो आणि रॉजर सुटका झालेला मित्र.

दुसरी चूक क्रमाची. पुस्तकात आधी बोलव्हंगार, मग फुग्यातून पडून स्वालबार हे बोलत्या, चिलखती अस्वलांचं राज्य, मग तिथेच कैदेत असलेला ॲझ्रिएल. म्हणजे हे राज्य ही ॲझ्रिएलपर्यंतची वाट आहे. चित्रपटात स्वालबार आधी आणि बोलव्हंगार नंतर. मोठी लढाई शेवटाला आणण्यासाठी केलेली ही अदलाबदल. पण त्यामुळे अस्वलांचा राजा हे वाटेतलं एक ठाणं होऊन बसतं.

सौम्य करण्याचा हात इतरत्रही फिरला आहे. पुस्तकात ॲझ्रिएलच्या वाइनमध्ये विष घालतात स्वतः मास्टर, जे लायराचं भलंच चिंततात. चांगला माणूस खून करायला का निघतो, हा प्रश्न पहिल्याच प्रकरणात अंगावर येतो. चित्रपटात ते काम मॅजिस्टेरियमच्या, म्हणजे त्या जगातल्या सत्ताधारी चर्चच्या, दूताकडे दिलंय. खलनायकाने विष घातलं, विषय संपला. डीमन गमावलेला मुलगा पुस्तकात टोनी माकारिओस आहे; तो सुका मासा उराशी धरून बसतो आणि मरतो. चित्रपटात त्याच्या जागी बिली कोस्टा आहे आणि तो आईच्या कुशीत पोचतो. चित्रपटाच्या सुरुवातीचं निवेदन डीमन, धूळ नावाचे गूढ कण, समांतर जगं सगळं एका दमात सांगून टाकतं. पुलमन पहिल्याच वाक्यात डीमन आणतो आणि काही म्हणजे काही समजावत नाही.

(नावाची गंमत अशी की पुलमनने आधी योजलेलं नाव मिल्टनच्या ओळीवरून आलं होतं. त्यातला कंपास म्हणजे आपल्या शाळेतल्या कंपासपेटीतला, वर्तुळ काढायचा. अमेरिकन प्रकाशकाने तो लायराचं सत्य सांगणारं उपकरण समजून पुस्तकालाच ठेवून दिला.)

अभिनयाला नावं ठेवता येणार नाहीत. मुलं पळवण्यामागची सूत्रधार, निकोल किडमनची मिसेस कोल्टर, अंगावर काटा आणते, डकोटा ब्लू रिचर्ड्सची लायरा हट्टी आणि खोटारडी आहे, म्हणजे हवी तशी. दृश्य परिणामांचं ऑस्कर योग्यच. अस्वलांच्या झुंजीत जबडा उडतो तो क्षण पुस्तकाइतकाच निर्दयी आहे.

१८ कोटी डॉलर्सच्या या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे ७ कोटी मिळवले, जगभरात मिळून सुमारे ३७ कोटी. पण परदेशातले हक्क न्यू लाइनने आधीच विकलेले होते, त्यामुळे बाहेरच्या कमाईचा फायदा तिला झाला नाही.

शेवट पडद्यावर पाहायचाच असेल तर बीबीसी-एचबीओची २०१९ ते २०२२ची मालिका बघा. तीन हंगाम, २३ भाग; पहिल्या हंगामाच्या आठव्या भागात रॉजर, बर्फ आणि पूल सगळं आहे. तिची उणीव वेगळी: गर्दीच्या दृश्यांतही डीमन मोजकेच दिसतात, म्हणून धागा तुटण्याची धास्ती पातळ होते. चित्रपटातला लायराचा डीमन पँटलायमन त्या मानाने सतत तिच्या अंगाखांद्यावर आहे. चित्रपट हाती असेल तर फुगा वर उठला की बंद करा आणि पुस्तकाचं एकविसावं प्रकरण उघडा.