दिवे वायरचे की सेलचे?

पिक-टू-लाइट म्हणजे जो भाग उचलायचा त्याच्यासमोर दिवा लागतो आणि उचलून बटन दाबलं की विझतो, ती सोय. ती का घ्यायची, हे मी सांगत बसत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या सहा जाडींच्या शिममधून (फट भरायच्या पातळ चकत्यांमधून) रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला नेमकी हवी ती उचलताना कागदी यादी किती कामाला येते, ते स्टोअर चालवणाऱ्याला ठाऊक असतं. बहुतेकांची गाडी पुढच्या प्रश्नावर अडते: वायरवाले दिवे घ्यायचे की वायरलेस? भोसरीतल्या आमच्या किटिंगच्या जागेत, म्हणजे एका जोडणीला लागणारे सुटे भाग एकत्र काढतो तिथे, मी आधी वायरवाले बसवले आणि नंतर अर्ध्या रॅकवर वायरलेस लावले. दोन्ही आजही चालू आहेत. त्यामुळे माझं कुणाशी वैर नाही. कल आहे, तो पुढे कळेलच.

वेगात वायरवाले सरस, हे आधीच मान्य करतो. बटन दाबलं की हा दिवा विझतो आणि पुढचा लागलेलाच असतो. वायरलेसमध्ये 'एक' म्हणावं एवढा वेळ जातो. दोष म्हणावा असं त्यात काही नाही. सेल वाचावा म्हणून दिव्यातला रिसीव्हर बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि ठरावीक अंतराने जागा होऊन निरोप आहे का बघतो. लवकर लवकर जागा करा, दिवा चटकन लागेल, सेलही चटकन संपेल. या दोन टोकांमध्ये कुठे थांबायचं ते सेटिंगमध्ये ठरवता येतं. 'वेगही आणि पाच वर्षं सेलही' असं कुणी सांगितलं, तर जरा खोदून विचारा.

त्या 'एक'ने आम्हाला सुरुवातीला गंडवलं होतं. आमच्या एका किटमध्ये तीच ओ-रिंग दोन टप्प्यांवर लागते, म्हणजे यादीत लागोपाठ दोनदा येते. दिवा लगेच विझला नाही म्हणून पिकरने पुन्हा बटन दाबलं, सिस्टीमने ते दुसऱ्या ओळीचं समजून घेतलं, आणि किट एका ओ-रिंगने कमी गेलं. असेंब्लीवाल्यांनी ते धरलं म्हणून निभावलं. पिकरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, दिवा जाईना, म्हणून दाबलं परत." त्याचं काय चुकलं? नंतर एका दाबानंतर सेकंदभर दुसरा दाब धरायचाच नाही, अशी सोय करून घेतली. हे तुम्ही पहिल्या दिवशीच करून घ्या.

मग मी वायरवाल्यांवर नाराज का झालो? दहा सेंटिमीटरमुळे.

आमच्या रॅकचा खण बाराशे मिलिमीटरचा. त्यात तीनशे रुंदीच्या चार क्रेट बसायच्या आणि प्रत्येकीसमोर एक दिवा. दोन दिव्यांमधली जंपर वायर बरोबर तीस सेंटिमीटरची, दोन्ही टोकांना कारखान्यातूनच क्रिंप करून आलेले कनेक्टर. दिसायला फार सुबक होतं. एक दिवस माल पुरवणाऱ्याने क्रेट बदलली, चारशे रुंदीची आणली. आता खणात तीनच क्रेट. दिवे सरकवायला गेलो तर वायर पुरेना. चौथा दिवा नुसता काढूनही चालेना, कारण पुढच्या खणाची लाइन त्याच्यातूनच गेलेली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "दादा, मधे तोडून जोड देतो." दिला. पाच-सहा दिवसांनी त्या जोडापुढचे सगळे दिवे एकदम गेले. ट्रॉली धक्क्यावर धक्के देत असताना इन्सुलेशन टेपचा जोड किती दिवस टिकणार?

मग चाळीसच्या जंपर मागवल्या. यायला तीन आठवडे लागले. तोवर त्या खणांवर मास्किंग टेप आणि त्यावर मार्करने नंबर, म्हणजे लाखभर रुपयांच्या दिव्यांखाली पुन्हा जुनीच पद्धत. जंपर आल्या तेव्हा लाइन थांबवता येईना, म्हणून काम सुट्टीवर ढकललं. भोसरीत सुट्टी गुरुवारची. मी, इलेक्ट्रिशियन आणि एक हेल्पर, सकाळी नऊला सुरुवात केली ती सिस्टीममध्ये प्रत्येक दिव्याला पत्ता नव्याने देऊन सगळे दिवे ओळीने लागेपर्यंत पाच वाजले. आणि क्रेट बदलणं, नवा व्हेरियंट येणं, रॅक दोन फूट पलीकडे घेणं हे आमच्याकडे वर्षात चार-पाचदा तरी होतं. तुमच्याकडे होत नसेल, तर हा सगळा परिच्छेद विसरून जा.

न्यायाने सांगायचं तर आता रेलवर सरकणारे वायरवाले दिवे मिळतात, त्यात ही जंपरची भानगड बरीच कमी होते. पण रेल रॅकला पक्की, रॅकला चोवीस व्होल्टचा पुरवठा, म्हणजे रॅक हलला की पुन्हा केबल ट्रे आणि पुन्हा गुरुवार. वायरलेस दिवा मी स्वतः काढतो, शेजारी चिकटवतो, बिनचा (भाग ठेवायच्या क्रेटचा) बारकोड आणि दिव्याचा बारकोड स्कॅन करतो. झालं. चहा गार होत नाही.

सेलची कटकट मात्र आहे. विक्रेता सांगतो त्या आयुष्याचा हिशेब कागदावर तपासून घ्या. एलईडी दहा मिलिअँपिअर खातो, एका वेळी दहा सेकंद जळतो आणि एखादं धावतं बिन दिवसाला सहाशे वेळा लागतं, असं धरा. दिवसाला साधारण सतरा मिलिअँपिअर-तास झाले. अडीच हजार मिलिअँपिअर-तासांचे दोन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले तरी क्षमता अडीच हजारच राहते, म्हणजे पाच महिने. तोच दिवा सलग न जळता लुकलुकत एक दशांश वेळच जळला, तर एलईडीपुरता हिशेब चार वर्षांवर जातो, रेडिओचा खर्च वेगळा. म्हणून दिवा लुकलुकणारा हवा. आमच्या धावत्या बिनांचे सेल दिवाळीपासून आषाढीपर्यंत टिकले, कोपऱ्यातल्या बिनांचे तेव्हाही चालूच होते. सरसकट सगळे सेल आम्ही खंडेनवमीला बदलतो. नाहीतरी त्या दिवशी मशिनं पुसून हळद-कुंकू लावायचं असतंच.

रेडिओबद्दल थोडक्यात. ट्रायल रिकाम्या रॅकवर घेऊ नका. आमची छान झाली होती. मग शेजारी कूलंटची भरलेली बॅरल आली आणि सर्वांत खालच्या फळीवरचे दिवे रुसले. गेटवे (सगळ्या दिव्यांशी रेडिओने बोलणारा डबा) उचलून वर छताजवळ नेला तेव्हा ते पुन्हा बोलायला लागले. सिस्टीम २.४ गिगाहर्ट्झवरची झिगबी (कमी विजेवर चालणारी रेडिओ पद्धत) असेल आणि कंपनीचं वाय-फाय १, ६, ११ या चॅनलवर असेल, तर झिगबीचा चॅनल २५ किंवा २६ मागा. बाहेरून मागवत असाल तर फ्रीक्वेन्सी विचारून घ्या. पॉवरच्या मर्यादेत आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ बिनपरवाना चालतं, अमेरिकेसाठी बनवलेला ९१५ चा माल स्वस्त मिळाला तरी नको. दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचं ईटीए (रेडिओ उपकरणाच्या मंजुरीचं) प्रमाणपत्रही ऑर्डरच्या आधी बघा.

आणि एक गंमत. वायरलेस दिवा चुंबकाने कुठेही चिकटतो म्हणून पोरांनी एक दिवा रॅकऐवजी क्रेटच्याच लोखंडी कार्डहोल्डरवर चिकटवला. रिकामी क्रेट माल पुरवणाऱ्याकडे परत गेली, दिवाही गेला. दोन दिवस आम्ही 'सिग्नल नाही' म्हणून गेटवे तपासत होतो. वायरवाल्याचं हे कधी होणार नाही, हा गुण त्याच्या खात्यात मांडा.

जिथे रॅक वर्षानुवर्षं जागचा हलत नाही आणि किट मिनिटाच्या आत निघतं, तिथे मी आजही वायरच घालेन. आमच्या अर्ध्या रॅकवर ती तशीच ठेवली आहे. बाकी ठिकाणी, विशेषतः दिवे ट्रॉलीवर लावायचे असतील तर, मला तरी वायरलेसच सोयीचं वाटतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

डेमोला आलेल्या माणसाला एकच काम सांगा. मालाने भरलेल्या तुमच्याच रॅकवरचा एक दिवा काढायला आणि शेजारच्या खणात लावून चालू करून दाखवायला सांगा. त्याच्या माणसाने नाही, तुमच्या पिकरने. आणि तेव्हाच चहा मागवा.