एअर प्युरिफायर: मशीन चांगलं, पण हिरव्या लाइटवर जाऊ नका (३.५/५)

बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि आमचं घर एकदम मेन रोडला लागून, त्यामुळे त्यांच्या बेडरूमसाठी हा घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण यातलं बरंचसं इतर मॉडेल्सनाही लागू पडेल.

एच१३ हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा) आहे, काम मस्त करतो, खिडक्या लावून फुल स्पीडवर ठेवला की पीएम२.५ चा आकडा (हवेतले अति बारीक कण, घनमीटरला किती मायक्रोग्रॅम ते) भराभर खाली येतो. पण गंमत अशी की ३५ च्या खाली गेला की लगेच हिरवा लाइट, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची मर्यादा आहे २४ तासांची सरासरी १५ आणि वर्षाची फक्त ५! म्हणजे हिरवा कोणाच्या हिशोबाने?

बॉक्सवर हार्टचं चित्र काढलंय ते अगदीच हवेतलं नाही म्हणा. हे बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, शरीरात सूज वाढते, रक्तवाहिन्या आखडतात, बीपी चढतं, रक्त गोठायची शक्यता वाढते, आणि ज्याच्या धमन्यांत आधीच ब्लॉकेज आहे त्याला तेवढं पुरतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्येच हे स्पष्ट सांगितलंय. पण प्युरिफायरने हार्ट अटॅक टळतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही, काही छोट्या अभ्यासांत बीपी थोडं उतरलेलं दिसलं, बास. त्यामुळे "मशीन आहे ना आता" म्हणून गोळ्यांत ढिलाई नको (बाबांनी हा डायलॉग मारून झालाय).

आता तक्रारी. स्लीप मोडवर आवाज नाही पण हवाही जेमतेम ओढतो, आणि टर्बोवर झोप लागणं अशक्य. म्हणून घेताना खोलीपेक्षा मोठाच घ्या. खोलीचं क्षेत्रफळ गुणिले उंची गुणिले ५, तेवढा तरी सीएडीआर (मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) हवा, म्हणजे १२ चौरस मीटर खोली आणि ३ मीटर उंची असेल तर ताशी १८० घनमीटर, तोही मधल्या स्पीडवर मिळाला तर बेस्ट. आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारी सोय) आम्ही बंदच ठेवतो, त्यातून ओझोन निघू शकतो आणि तो अजून वेगळा ताप. कार्बन फिल्टर नावापुरता पातळ, गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडसाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

अजून एक, फिल्टर बदलायचा इंडिकेटर नुसते तास मोजतो, फिल्टर किती काळा झालाय ते त्याला कळत नाही, तेव्हा मधूनमधून उघडून स्वतः बघा.