ढोल, ताशा की ढोलकी: चुकायचं कुठे, ते आधी ठरवा

पुण्यात जून उजाडला की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "गणपतीच्या ढोल-ताशा पथकात नाव घालू, की ढोलकीचा क्लास लावू?" मी दोन हंगाम ढोल वाजवला, तिसऱ्या वर्षी ताशा मागून घेतला आणि अर्ध्यात सोडला. गेली चार वर्षं ढोलकी शिकतोय. म्हणजे तिन्हींकडे पुरेसा चुकून झालोय, एवढीच माझी पात्रता. त्यातूनच एक निकष सापडला: चारचौघांत चुकलात, तर ती चूक झाकणार कोण?

ढोल नवख्याला सगळ्यात जास्त सांभाळून घेतो. एका हातात टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, दुसऱ्या हाताची थापी. साधे हात, म्हणजे ठोक्यांचे ठरलेले प्रकार, आठ-दहा दिवसांत बसतात. सराव संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, मुठेच्या काठी कुठल्यातरी मोकळ्या जागेत. ढोल पथकाचा असतो, आपल्या खिशातून जातात ते कुर्त्याचे आणि फार तर नोंदणीचे पैसे. ठोका हुकला तर शेजारचे चाळीस ढोल तो गिळून टाकतात.

एकच चूक गिळत नाहीत, ती थांबण्याची. माझी पहिली मिरवणूक, लक्ष्मी रस्ता. ताशांची तर्री, म्हणजे काड्यांचा सलग कडकडाट, चढत गेली, प्रमुखानं हात वर केला, सगळे ढोल एका क्षणात बंद झाले आणि त्या शांततेत माझा एकट्याचा 'धम्म'. वरच्या गॅलरीतून एक आजी मनापासून टाळ्या वाजवत होत्या. त्यांना तो वादनाचाच भाग वाटला असावा. पथकातल्या पोरांना वाटला नाही. पुढे महिनाभर माझं नाव 'धम्म' होतं.

खरी परीक्षा उभं राहण्याची असते. विसर्जनाची मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मानाच्या पाच गणपतींचं ठीक आहे, त्यांचा क्रम ठरलेला. बाकीच्या मंडळांपुढे वाजवायचं तर बेलबाग चौकाच्या अलीकडे किती तास ताटकळावं लागेल, हे गणपतीलाच ठाऊक. बोटांना चिकटपट्टी, कानात कापूस आणि पोटात काहीतरी हवंच. कंबरेचं जुनं दुखणं असेल तर सरळ झांज किंवा ध्वज मागा. त्यात कमीपणा नाही, आणि फोटोत ध्वजवालेच जास्त चांगले दिसतात.

ताशा लांबून हलका वाटतो. गळ्यात पसरट भांडं, हातात दोन बारीक काड्या, बस. पण लय ताशाच्या हातात असते. ढोलवाला चुकला तर तो एकटा चुकतो, ताशेवाला पळाला तर अख्खं पथक त्याच्यामागे पळतं. म्हणून पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी ताशा हातात देतच नाहीत, आणि बरोबरच करतात. मी घरी पालथ्या ताटावर रुमाल टाकून काड्या घोटायचो. उजवा हात दीड महिन्यात सुटा झाला, डावा आजतागायत झालेला नाही. मनगटं मोकळी असतील, आधी तबल्याला वगैरे हात लागला असेल, तर जरूर बघा. नाहीतर आधी एक वर्ष ढोल.

ढोलकीचा मामला वेगळाच. इथे झाकणारं कुणी नाही. आपल्या गौरी-गणपतीच्या आरतीला वीस माणसं आणि ढोलकी एक. माझा ठेका पळाला की आमच्या मावशी गाणं न थांबवता फक्त मान वळवून बघतात, आणि तेवढं पुरतं. शिकायला वेळही लागतो. डाव्या पुडीला, म्हणजे त्या तोंडावरच्या कातड्याला, आतून मसाल्याचा लेप, उजवीला वरून काळी शाई, दोन्ही बाजूंचा हात पूर्णपणे निराळा. डाव्या तळव्याचा घिस्सा, म्हणजे पुडीवर तळवा घासून काढलेला आवाज, नुसता 'घूं' न वाटता बोलायला लागेपर्यंत माझं सबंध वर्ष गेलं. पण धुमाळी आणि केरवा एवढे दोनच ठेके सफाईनं आले की आरती, भजन, सहलीची बस, सगळीकडे तुम्हाला बोलावणं येतं. ढोल अनंत चतुर्दशीनंतर गोदामात जातो, ढोलकी बारा महिने कपाटावर असते. शेजारीही तिला सहन करतात, रात्री नऊपर्यंत. ती कुठवर जाते ते ऐकायचं असेल तर बालगंधर्व रंगमंदिरात लावणीचा कार्यक्रम लागेल तेव्हा ढोलकीवाल्याच्या बाजूची खुर्ची पकडा. नाचाकडे नंतर बघा.

संबळाचं मी कुणाला सुचवत नाही. ते गोंधळ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वाजवणं, शिकायचं तर त्यांच्यापाशीच बसावं लागतं. आणि नुसतं लोकांत मिसळून वाजवायची हौस असेल, तर आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हा ओळखीच्या दिंडीत टाळ घेऊन उभे राहा. पावलं जुळली की टाळ आपोआप जुळतो.

तर साठीच्या आतबाहेर असाल, किंवा संध्याकाळी सातला हमखास मीटिंग लागत असेल, तर ढोलकी. पंचविशीत असाल आणि शहरात नवे असाल तर डोळे मिटून ढोल. दोन महिन्यांत मिळणारी माणसं वाद्यापेक्षा जास्त टिकतात. फक्त ऑगस्टच्या शेवटी जागे होऊ नका, तोवर पथकांची यादी भरलेली असते. ढोलकी मात्र कधीही घेता येते. घ्यायला जाताना वाजवणारा कुणीतरी सोबत न्या, आणि दुकानदार उजवी पुडी टणटण वाजवून दाखवत असेल तर त्याला डावी वाजवायला सांगा.