दुष्ट जुळी, आंधळा नवरा: पावसाळाभर बघितलेल्या टीव्ही-थरारपटांचा हिशेब

आधी माझा अधिकार सांगते, मग बोलते. मी स्वतः जुळी आहे. बहीण माझ्यापेक्षा वीस मिनिटांनी धाकटी, पेडण्याला दिलेली, मी डिचोलीत, दोघी गोव्यातच. चेहरा एक, उंची एक, गुडघे दुखायला लागले तेही एकाच वर्षी. दुसरा अधिकार असा, की एका पतसंस्थेच्या काउंटरवर मी एकतीस वर्षं काढली. म्हणजे आयुष्यभर लोकांच्या सह्या जुळवून बघितल्या. तेव्हा एक बाई दुसरीचं रूप घेऊन तिच्या घरात शिरते, नवरा, बंगला, बँकेतलं खातं सगळं बळकावते आणि कुणाला पत्ता लागत नाही, असल्या सिनेमांबद्दल मी नाही बोलायचं तर कोणी?

यंदा बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती जूनपासून चवथीच्या आधीपर्यंत आमच्याकडे राहिली. भाच्याने टीव्हीला परदेशी सिनेमांचं कसलंसं पॅक जोडून दिलं, महिना १४९ रुपये. "मावशी, वेळ जाईल तुमचा." गेला. मोजून तेवीस सिनेमे आणि एक आख्खी मालिका बघितली, सगळ्यांत जुळी, सगळ्यांत एक वाईट.

हा माल थिएटरात कधी लागत नाही, थेट टीव्हीसाठीच बनतो. अमेरिकेत लाइफटाइम नावाची एक वाहिनी आहे, १९८४ साली सुरू झालेली. बाईच्या जिवावर उठलेली शेजारीण, दाई, सासू, बहीण हा तिचा रोजचा भात. ऐवज दीड तासाचा, जाहिराती घालून दोन तासांत बसवलेला. म्हणून दर दहा-बारा मिनिटांनी कोणीतरी दचकतं, दार वाजतं, आरशात दुसरी दिसते. तिथे जाहिरात लागायची असते. आमच्या पॅकात जाहिराती नव्हत्या, त्यामुळे बाई किंचाळायची आणि पुढच्याच क्षणी निवांत काकडी चिरताना दिसायची. चित्रीकरण दोन-तीन आठवड्यांत उरकतात, तेही बरेचदा कॅनडात. गोष्ट अमेरिकेतल्या गावाची, रस्ता व्हँकुव्हरकडचा. म्हणजे गावाचासुद्धा डबल रोल.

वाईट बहीण ओळखायला पहिली पाच मिनिटं पुरतात. तिचे केस काळे आणि आखूड, नखांना गडद रंग, हातात वाइनचा पेला. ती डावखुरी असते. हिंदी डबिंगमध्ये तिला खर्जातला आवाज देतात, आणि चांगलीला इतका मधाळ की बहीण म्हणाली, हिचाच गळा आधी दाबावासा वाटतो. आमच्या पिढीने हे 'शर्मीली'त १९७१ सालीच बघून ठेवलंय. राखी दोन्ही रूपांत, एक लाजरी, एक बिनधास्त, आणि बिनधास्त ती वाईट. तिथे निदान गाणी तरी होती.

पण माझं खरं भांडण नवऱ्यांशी आहे. तेवीसपैकी एकोणीस सिनेमांत नवरा ओळखत नाही. रात्री शेजारी झोपतो, सकाळी तिच्या हातचा नाश्ता खातो, आणि ओळखत नाही! बहीण दर वेळी टीव्हीकडे हात करून ओरडायची, "हिच्या घोवाक दोळे नात गो?"

आता लोक फसत नाहीत असं मी म्हणत नाही. खुद्द रामाला वाली-सुग्रीव वेगळे कळले नाहीत, पहिल्या खेपेला बाण सोडवेना. दुसऱ्या खेपेला सुग्रीवाच्या गळ्यात फुलांची वेल घालावी लागली. आमच्या आईने तेच केलं. माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला. पुढे आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खोवताना बहिणीचा अंगठा कापला, तो व्रण कायमचा राहिला आणि दोऱ्याची गरज संपली. यंदाही डोळ्यांच्या इस्पितळात नर्सने नाव पुकारलं बहिणीचं आणि बाहुली मोठी करायचे थेंब घातले माझ्या डोळ्यांत. मी बाकावर डोळे मिटून बसले होते, तिने चेहरा बघितला आणि काम उरकलं. चार तास मला साधा बसचा बोर्ड वाचता येईना.

परकी माणसं अशी फसतात. घरचं माणूस फसायचं तर ते बघायचंच थांबलेलं असावं लागतं. दमयंतीच्या स्वयंवरात पाच नळ उभे होते, त्यातले चार देव. तिने देवांची करुणा भाकली आणि मग नीट बघितलं: पापणी कुणाची लवते, घाम कुणाला आलाय, माळ कुणाची कोमेजली, पाय कुणाचे जमिनीला टेकलेत. तिने अजून वरमाळाही घातली नव्हती! आणि इथे पंधरा वर्षांचा संसार केलेला माणूस बायकोने केस कापले एवढंच म्हणतो. या सिनेमांत खरी भीती आहे ती इथे, आणि बनवणाऱ्यांना तिचा पत्ताच नाही. ते सगळा जोर चाकूवर देतात. आमच्या पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, समोरच्या बाईवर दोन्ही हात रोखून उभा. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा पाद्री पॅरिसला जाऊन लोकांना संमोहित करायचा आणि सांगायचा, जादू माझ्या हातात नाही, झोपणाऱ्याच्याच मनात आहे. या नवऱ्यांचं तेच. बायकोचा गाऊन, बायकोचं अत्तर, बायकोची खुर्ची. बाकीचं त्याचं तोच भरून घेतो. वाईट बहिणीला फारसं काही करावंच लागत नाही.

दशावताराशी तुलना केल्याशिवाय आम्हा दोघींना राहवत नाही. पेडण्याकडे रात्रभर बसून बघितलेत आम्ही. मायावी राजा आणि खरा राजा दोन वेगळे नट, एक उंच, एक बुटका, कपडे तेवढे सारखे. राणी ओळखत नाही आणि आम्हीही कबूल, कारण तिथे सगळं उघड ठरलेलं असतं. इथे सगळं खरं असल्याचा आव आणतात, म्हणून खोट दिसते.

खोट कुठे बघायची तेही सांगते. एकच नटी दोघी करते. साध्या रीतीत कॅमेरा जागचा हलवायचा नाही. आधी तिला डावीकडे बसवून घ्यायचं, मग कपडे बदलून उजवीकडे, आणि दोन्ही चित्रं मधोमध जोडायची. तो सांधा लपवायला मध्ये काहीतरी उभं लागतं: दाराची चौकट, पडदा, दिव्याचा खांब. एकदा कळलं की डोळा तिथेच जातो. नाहीतर एकीचा चेहरा आणि दुसरीची नुसती पाठ. ती पाठ टोप घातलेल्या भलत्याच बाईची. यावरून आम्ही कपाचा नियम काढला. एका जुळीने दुसरीच्या हातात चहाचा कप दिला, तर सिनेमावर पैसा आणि डोकं दोन्ही खर्च झालंय. स्वस्तातल्या सिनेमांत जुळ्या बहिणी एकमेकींना शिवतच नाहीत, टेबलाच्या दोन टोकांना बसून भांडतात. खऱ्या जुळ्या बहिणी? आम्ही दोघी एका सोफ्यावर, तिचे पाय माझ्या मांडीवर, माझा चष्मा तिच्या नाकावर. तेवीसांत कप दिला गेला चारदा.

सगळ्यात मोठी कमाई या रांगेतली नव्हेच. 'किलर इन द मिरर' हा १९८६ चा टीव्हीसाठीचा सिनेमा कसा होता ते शोधता शोधता भाचा त्याच्या मुळाशी गेला. तो निघाला १९६४ च्या 'डेड रिंगर'वरून, आणि तोही १९४६ च्या 'ला ओत्रा' या मेक्सिकन सिनेमावरून. एकच गोष्ट तीन जन्म घेऊन आलेली. मधला जन्म आम्हाला मिळाला, काळा-पांढरा, बेटी डेव्हिस दोन्ही बहिणी. मार्गरेट श्रीमंत विधवा, ईडिथ कर्जात बुडालेली बारवाली. ईडिथ बहिणीला गोळी घालते, तिचे कपडे चढवते आणि बंगल्यात राहायला जाते. इथवर नेहमीचंच.

मग सहीची वेळ येते. कागद समोर, मार्गरेटची सही हवी, आणि ईडिथला ती जमत नाही. ती काय करते? शेकोटीतली तापलेली लोखंडी सळई उजव्या हाताने घट्ट पकडते. हात भाजला, आता सही कुणी मागणार नाही. मी टाळी वाजवली हो घरात! एकतीस वर्षांत एवढी अचूक गोष्ट मी पडद्यावर बघितली नव्हती. नमुना सहीच्या कार्डाशी चेक जुळवताना नवी पोरं अक्षरांचा आकार बघतात. आकार कुणीही गिरवतं. हात कुठे थबकतो, पेन कुठे उचललं जातं, ते गिरवता येत नाही. आणि खोटी सही खरीपेक्षा नेहमी जास्त नीटनेटकी असते. खरा खातेदार घाईत असतो, बाहेर स्कूटर उभी असते, तो कशीबशी ओढतो. ईडिथला हे माहीत आहे. चेहरा मिळाला, बंगला मिळाला, पण बहिणीचा हात मिळालेला नाही. आणि तिथला कुत्रा! मार्गरेटचा तो धिप्पाड कुत्रा मालकिणीवर गुरगुरायचा. ही आली आणि तो हिच्या पायाशी येऊन बसला. माणसांच्या आधी त्याला कळलं. शेवटी बहिणीचं आयुष्य घेता घेता बहिणीचा गुन्हाही हिच्याच गळ्यात पडतो. शेवट फोडला म्हणून रागावू नका, साठ वर्षं झाली आता. पाचपैकी पाच.

मालिका म्हणजे 'रिंगर'. २०११-१२ मधली, बावीस भागांची, एकच हंगाम चालून बंद पडलेली. सारा मिशेल गेलर दोन्ही बहिणी. एक गुंडांपासून पळालेली, दुसरी बड्या घरची. दुसरी होडीतून नाहीशी होते आणि पहिली तिच्या जागी जाऊन बसते. पहिल्याच भागात त्या होडीवर दोघी बोलत बसतात, त्याची तेव्हा तिकडेही फार टिंगल झाली होती, आणि आम्ही तर पाण्यावरची माणसं. मागचा समुद्र चिकटवलेला, लाटा एका दिशेला, केस दुसऱ्या. मांडवीवरच्या बेतीच्या फेरीबोटीत पाच मिनिटं उभी राहिलेली कोणीही बाई सांगेल की होडीत माणूस असं ताठ बसत नाही. आरसे मात्र इतके, की फर्निचरचं दुकान वाटावं. तरी बघवते, कारण ढोंग करणारीला ज्या घरात शिरली तिथलं दुःखही निस्तरावं लागतं. अडीच तारे.

एक गोष्ट मनापासून खटकली. वाईट बहीण बहुतेक वेळा वेड्यांच्या इस्पितळातून पळून आलेली. कारण म्हणून एवढंच पुरतं, दुसरं काही सांगायची गरज कुणाला वाटत नाही. आमच्या गावातली दोन-तीन घरं बांबोळीच्या मनोरुग्णालयात औषधासाठी फेऱ्या घालतात, त्यातली माणसं दिवसभर झोपाळलेली असतात, चाकू कुठले घेतात!

आणि पोलीस. शेवटी नेहमी डीएनएचा रिपोर्ट येतो आणि सगळे बुचकळ्यात, दोघींचा एकच! अहो, एकाच गर्भातून फुटलेल्या जुळ्यांचा डीएनए जवळजवळ सारखाच निघायचा, पण बोटांचे ठसे वेगळे असतात. पोटात असतानाच रेघा आपापल्या पडतात. आमच्या पतसंस्थेत हजेरीचं मशीन बसवलं तेव्हा मी गंमत म्हणून बहिणीचा व्रण नसलेला अंगठा त्यावर टेकवला होता. मशीनने तीनदा हाकललं. ग्लासावरचा ठसा उचलला असता तर यातले पंधरा सिनेमे पाऊण तासात संपले असते.

पॅकबद्दल: घेऊ नका. सिनेमाखाली दोन ओळींत जी माहिती देतात तिच्यातच मारेकरी कोण ते लिहून टाकतात. एक महिना म्हणून घेतलेलं, ते आपलं आपण तीनदा वाढलं, आणि बंद करायचं बटण शोधायला भाच्याला पेडण्याहून यावं लागलं. डबिंग कामचलाऊ. सिनेमांना सरासरी दोन तारे, कपवाल्या चारांना तीन. पावसात, दोघींनी मिळून, भजी असतील तर बघा. एकटीने बघायचा हा माल नव्हे.

शेवटच्या रात्री तेविसावा चालू होता. दोघी बहिणी जिन्यावर समोरासमोर, नवऱ्याच्या हातात पिस्तूल, कुणावर झाडू कळेना, आणि करंट गेला. बाहेर नुसता धो धो. आमचे हे आधीच चहा टाकून उभे होते, ते अंधारात कप घेऊन आले. तासभर मी नवऱ्यांची टवाळी करत होते, ती यांनी आतून ऐकलीच होती. "हा बिनसाखरेचा," म्हणत ऐटीत एकीच्या हातात कप दिला, दुसरा दुसरीच्या. चाळीस वर्षांचा संसार. मधुमेह मला आहे, तिला नाही.

पहिला घोट घेतला. गोड! शेजारी बहिणीचा कप मध्येच थांबल्याचं मला कळलं. पण ती काही बोलली नाही आणि मीही नाही. सहा महिन्यांनी साखरेचा चहा मिळाला होता, करंट यायच्या आत संपवला.