जुन्या पुलाची भूकंप तपासणी: पुशओव्हर की रिस्पॉन्स स्पेक्ट्रम?

पाटण भागातल्या एका जुन्या आरसीसी पुलाचं काम हाती आलं, तेव्हा तो भूकंपात टिकेल का हे पुशओव्हर पद्धतीनं तपासावं की रिस्पॉन्स स्पेक्ट्रमनं, या पेचात मीही होतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेच्या भूकंपाचा विषय तिकडे अजून घरोघरी निघतो. तेव्हाच्या भूकंप नकाशात परिसर झोन चारमध्ये होता, म्हणजे झेड (हादऱ्याच्या जोराचा गुणांक) 0.24. गाफील राहायची सोय नाही.

कागदावर पुशओव्हर सरस, यात वाद नाही. आडवा जोर वाढवत नेला की पिअरच्या (खांबाच्या) बुडाशी हिंज, म्हणजे सळ्या ताणून खांब वळू लागणारी जागा, कधी बनतो, त्यानंतर पूल किती तग धरतो, हे तिच्यात दिसतं. रिस्पॉन्स स्पेक्ट्रम हादऱ्यानंतर पूल पूर्ववत होतो असं धरणाऱ्या लवचीक हिशेबापाशी थांबते आणि पुढचं सगळं आर या एका आकड्यावर सोपवते; हिशेबातला जोर या आरनं भागून कमी करतात.

पण माझं घोडं अडलं ड्रॉइंगपाशी. रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस जुन्या कागदांचे रुमाल (कापडी गठ्ठे) सोडत बसलो. हाती लागला एकच जनरल अरेंजमेंटचा, म्हणजे पुलाच्या ढोबळ मांडणीचा कागद, तोही वाळवीनं कोपरा खाल्लेला. सळ्यांचा तपशील कुठेच नाही. काँक्रीटमधल्या सळ्या शोधणारा रिबार लोकेटर फिरवला तर बाहेरची ओळ दिसली. आत दुसरी आहे का, बुडाशी लॅप (दोन सळ्यांचा एकमेकींवर चढाव) किती, यावर यंत्र गप्प. एका जागी कव्हर (सळ्यांवरचं काँक्रीट) फोडलं, तर आत साधी गोल सळी आणि रिंगा फूटभर अंतरावर. हिंजचं वागणं नेमकं याच गोष्टींवर ठरतं! तीन अंदाज घालून तीन वक्र काढले. एकात पूल ठणठणीत, एकात आडवा. रिपोर्टाला कुठला जोडायचा?

शेवटी स्पेक्ट्रमवर आलो. दिसल्या तेवढ्याच सळ्या धरल्या, स्टिफनेस (ताठपणा) तडकलेल्या सेक्शनचा घेतला, आर हात राखून, म्हणजे कमीच ठेवला. वाचलेला वेळ पिअरच्या माथ्यावर, म्हणजे पिअर कॅपवर घालवला. गर्डरखालचे रोलर गंजानं आणि मातीनं जागीच थिजलेले, गर्डरच्या टोकापासून कॅपच्या कडेपर्यंत जेमतेम दीड वीत. आरनं भागलेलं सरकणं परत गुणून त्या दीड वितीशी ताडलं, तेव्हा कळलं की पिअर मोडण्याआधी गाळाच, म्हणजे दोन पिअरमधला पुलाचा भागच निसटेल. सीट (गर्डर टेकायची जागा) वाढवायला ब्रॅकेट आणि सरकणं अडवायला स्टॉपर सुचवले. हे सापडायला टेप आणि शिडी पुरली.

सगळ्याच पुलांना हे लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पिअर उंच असतील, मूळ ड्रॉइंग हाताशी असेल, जॅकेटिंगचा, म्हणजे पिअरभोवती नवा थर चढवण्याचा मोठा खर्च ठरायचा असेल, तर पुशओव्हर जरूर करून घ्या. फक्त मॉडेल करणाऱ्याला आधी विचारा, सळ्यांचे आकडे कुठून आणले.