राज्यशास्त्राचा तास: मोबाईलवरची क्विझ की प्लिकर्सची कार्डं?

नववी-दहावीचं राज्यशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय, डिसेंबरात आठवण येते आणि जानेवारीत उरकतो. त्यात जरा जीव यावा म्हणून मी दोन्ही प्रकार करून बघितलेत. पुस्तकातला क्यूआर स्कॅन केला की दीक्षा या सरकारी ॲपवर व्हिडिओ वगैरे मिळतात, ते घरी बघायला ठीक, इथे वर्गातलं बोलतोय.

पिन टाकून खेळायची लाइव्ह क्विझ पोरांना जाम आवडते, खोटं कशाला बोलू. म्युझिक, टायमर, स्क्रीनवर नंबर, मागचा बाकही जागा होतो. प्रत्येकाच्या हातात टॅब असेल तर कदाचित तेच बरं पडेल. आमच्याकडे 54 पोरं आणि परवानगी काढून घरून आणलेले नऊ-दहा फोन, म्हणून गट पाडले. शिकवत होतो प्रौढ मताधिकार, म्हणजे इंग्रजांच्या काळात मालमत्ता, कर, शिक्षण असलेल्यांनाच मत होतं, मग संविधानाचं कलम 326 आलं आणि 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सगळ्यांना मिळालं. आणि वर्गात काय चाललंय, तर ज्याचा फोन तोच बटण दाबतोय, बाकीचे चौघं "अरे बी दाब बी दाब" करून ओरडतायत आणि हा पठ्ठ्या सी दाबून मोकळा. तेव्हापासून मन उडालं ते उडालंच.

प्लिकर्स या ॲपला फोन फक्त माझा. पोरांकडे कोड छापलेलं कागदी कार्ड, जी बाजू वर धरली ते उत्तर, मी कॅमेरा फिरवला की झालं. ए-बी-सी-डी इतकं बारीक छापलेलं असतं आणि प्रत्येक कार्ड वेगळं, त्यामुळे शेजारच्याचं बघून काही कळत नाही. मतदान सक्तीचं करावं का, असं एकदा आधी हात वर करून विचारलं तर मॉनिटरने हात वर केला म्हणून जवळजवळ अख्खा वर्ग हो. लगेच कार्डावर घेतलं, तर निम्मे नाही! गुप्त मतदान कशाला असतं हे नंतर वेगळं शिकवावं लागलं नाही.

कटकटी आहेतच. सुरुवातीला सगळी नावं भरत बसा, पर्याय चारच, कोणाचं तरी बोट कोडवर येतंच. आणि चकचकीत लॅमिनेशन अजिबात करू नका, ट्यूबलाईट चमकते आणि स्कॅनच होत नाही, माझे पैसे तसेच गेले. साधा जाड कागद बरा. चाळीसच्या वर पट असेल तर 63 कार्डांचा संच घ्या.

एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, पण तुम्हाला तर दिसतंच ना कोणी काय दिलं ते." खरंच दिसतं, नावासकट. तेव्हापासून मत विचारायचं असेल तर कार्डं पत्त्यांसारखी पिसून वाटतो, आणि पिसायला तिलाच देतो.