लेट्स एन्क्रिप्ट : प्रमाणपत्र विनामूल्य, देखरेख मात्र आपली

लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या अनेकांनी लेट्स एन्क्रिप्ट या विनामूल्य सेवेची, संकेतस्थळाची ओळख पटवून त्याची जोडणी कूटबद्ध करू देणारी प्रमाणपत्रे एकदा बसवली आणि पुढे त्यांच्याकडे वळून पाहण्याची वेळच आली नाही, इतकी ही सेवा भरवशाची निघाली. मात्र २०२५ पासून तिच्यात असे बदल झाले आहेत, की पूर्वीची मांडणी न तपासता तशीच चालू ठेवणे धोक्याचे ठरेल. माझे मत आधीच सांगतो : संकेतस्थळासाठी प्रमाणपत्र हवे असेल तर आजही मी पहिली शिफारस याच सेवेची करीन, पण नूतनीकरण आणि त्यावरची देखरेख ही दोन्ही कामे यंत्राकडे सोपवण्याची तयारी असेल तरच.

अमेरिकेतील इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही ना-नफा संस्था ही सेवा चालवते. पहिले प्रमाणपत्र सप्टेंबर २०१५ मध्ये निघाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सेवा सर्वांसाठी खुली झाली. त्याआधी एका साध्या प्रमाणपत्रासाठी पैसे भरणे, सीएसआर (प्रमाणपत्राची मागणी करणारी फाइल) तयार करून विक्रेत्याकडे देणे, ईमेलवर पडताळणी करणे आणि मुदत संपत आली की हे सगळे पुन्हा करणे, असा क्रम असे. शुल्क गेले हा लाभ सर्वांना दिसतो. मला मात्र ॲकमे प्रोटोकॉल (प्रमाणपत्र मागणे, पडताळणे आणि नूतनीकरण करणे यंत्रांकरवी घडवणारी नियमावली) हे या प्रकल्पाचे अधिक मोलाचे देणे वाटते. मार्च २०१९ मध्ये तो आरएफसी ८५५५ (इंटरनेट मानकांच्या मालिकेतील दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झाला आणि आता प्रमाणपत्र देणाऱ्या इतर संस्था, म्हणजे प्राधिकरणेही, तो स्वीकारतात, त्यामुळे उद्या प्राधिकरण बदलायचे झाले तरी क्लायंटची (सर्व्हरवरून प्रमाणपत्र मागणाऱ्या प्रोग्रामची) मांडणी मुळापासून बदलावी लागत नाही.

आता बदलांविषयी. पहिला बदल दिसायला लहान, पण परिणामाने सर्वांत मोठा आहे : मुदत संपत आल्याची आठवण करून देणारी ईमेल पाठवणे सेवेने ४ जून २०२५ पासून बंद केले. अनेक कार्यालयांत ही ईमेल हीच एकमेव देखरेख होती. दुसरा बदल मुदतीचा. आजवर ९० दिवसांचे असलेले प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत ४५ दिवसांवर येणार आहे. हा एकट्या लेट्स एन्क्रिप्टचा हट्ट नव्हे; ब्राउझर आणि प्राधिकरणांच्या सामायिक मंचाने एप्रिल २०२५ मध्ये संमत केलेल्या ठरावानुसार सार्वजनिक विश्वासाच्या कोणत्याही टीएलएस (कूटबद्ध जोडणीच्या) प्रमाणपत्राची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाणार आहे. म्हणजे पैसे देऊन घेतलेले प्रमाणपत्रही दर दीड महिन्याने बदलावे लागेल, आणि ‘वर्षातून एकदा हाताने करू’ हा पर्याय कोणत्याच दुकानात शिल्लक राहणार नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या यंत्रणेत) ‘दर ६० दिवसांनी नूतनीकरण’ असे ठोकून लिहिलेले असेल तर ते आजच काढावे, कारण ४५ दिवसांच्या प्रमाणपत्राला ते पुरणार नाही. सर्टबॉट या ॲकमे क्लायंटला रोज दोनदा चालू द्यावे आणि वेळ कधी आली हे त्यालाच ठरवू द्यावे. प्राधिकरणाने स्वतःच नूतनीकरणाची योग्य वेळ क्लायंटला कळवण्याची एआरआय नावाची सोय आता आरएफसी ९७७३ म्हणून प्रमाणित झाली आहे; ती वापरणारी सर्टबॉटची अलीकडची आवृत्ती घेणे हिताचे आहे. एखाद्या चुकीमुळे प्राधिकरणाला लाखो प्रमाणपत्रे मुदतीआधी रद्द करावी लागली, तर ही सोय खरी उपयोगी पडते. २०२० मध्ये सीएए नोंदींच्या (डोमेनसाठी कोणते प्राधिकरण प्रमाणपत्र देऊ शकते हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदींच्या) तपासणीतील त्रुटीमुळे लेट्स एन्क्रिप्टला सुमारे ३० लाख प्रमाणपत्रे रद्द करण्याची घोषणा करावी लागली होती, तेव्हा अनेक प्रशासकांची झालेली धावपळ एआरआयमुळे टळू शकली असती.

भारतातील सर्व्हरांवर एक अडचण विशेष आढळते. सुरक्षेच्या सल्ल्यावरून फायरवॉलवर परदेशी आयपी पत्ते सरसकट बंद केले जातात आणि काही आठवड्यांनी नूतनीकरण फसते. लेट्स एन्क्रिप्ट २०२० पासून एकाच वेळी जगातील वेगवेगळ्या ठिकाणांहून डोमेन आपल्याच ताब्यात असल्याची पडताळणी करते आणि ती ठिकाणे कोणती, याची यादी जाणीवपूर्वक प्रसिद्ध करत नाही. त्यामुळे ‘त्यांचे आयपी तेवढे उघडून द्या’ ही मागणी पूर्ण होऊच शकत नाही. उपाय दोन आहेत. एचटीटीपी पडताळणी (सर्व्हरवरची ठरावीक फाइल वाचून होणारी) ठेवायची असेल तर साध्या एचटीटीपीचे पोर्ट ८० सर्व जगासाठी उघडे ठेवून त्यावर फक्त पडताळणीची फाइल आणि एचटीटीपीएसकडे वळवणे एवढेच काम ठेवावे, आणि देशनिहाय बंदी एचटीटीपीएसच्या पोर्ट ४४३ वर लावावी. तेही नको असेल तर डीएनएस पडताळणी (डोमेनच्या डीएनएसमध्ये ठरावीक नोंद ठेवून होणारी) घ्यावी. वाइल्डकार्ड प्रमाणपत्राला (डोमेनखालच्या सर्व उपनावांना चालणाऱ्या) तर दुसरा मार्गच नाही. मात्र संपूर्ण डोमेनचे डीएनएस बदलू शकणारी एपीआय किल्ली वेब सर्व्हरवर ठेवून देण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. पडताळणीची नोंद सीनेमने (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या डीएनएस नोंदीने) एका वेगळ्या लहान झोनकडे वळवून केवळ त्या झोनची किल्ली सर्व्हरला द्यावी.

सेवेवर येणाऱ्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ प्रत्यक्षात सेवेत नसते. डिस्कवर नवे प्रमाणपत्र आलेले असते, पण पोस्टफिक्स, डव्हकॉट हे मेल सर्व्हर किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मेमरीतील जुनेच देत राहतात, कारण रीलोड कोणी केलेले नसते. सर्टबॉटचे एनजिनएक्स प्लगिन हे काम स्वतः करते; केवळ प्रमाणपत्र मिळवणारी वेबरूट पद्धत करत नाही, तिथे डिप्लॉय हुक (नूतनीकरणानंतर आपोआप चालणारी आज्ञा) लिहावाच लागतो. म्हणूनच देखरेख करणाऱ्या स्क्रिप्टने डिस्कवरची फाइल वाचून समाधान मानू नये. तिने दुसऱ्या यंत्रावरून, बाहेरच्या जोडणीने, प्रत्यक्ष पोर्टला जोडून मिळालेल्या प्रमाणपत्राची अंतिम तारीख वाचावी, आणि एकूण मुदतीच्या एक तृतीयांशापेक्षा बरेच कमी दिवस उरले असतील तर इशारा द्यावा. मेल सर्व्हरचे पोर्ट या तपासणीतून हमखास सुटतात.

वापराच्या मर्यादा उदार आहेत, पण एका ठिकाणी त्या फार बोचतात. नावांचा नेमका तोच संच असलेली प्रमाणपत्रे ७ दिवसांत ५ च मिळतात. डॉकरमध्ये (प्रोग्राम स्वतंत्र कंटेनरांत चालवणाऱ्या साधनात) प्रमाणपत्रांचा फोल्डर कायमस्वरूपी व्हॉल्यूमवर नसेल तर कंटेनर पुन्हा उभा राहताना दर वेळी नवे प्रमाणपत्र मागतो, आणि पाच वेळा रीस्टार्ट झाला की संकेतस्थळ बंद पडते. जुने रद्द केल्याने ही मर्यादा परत मिळत नाही. प्रयोगांसाठी स्टेजिंग सर्व्हर आहे, तो वापरावा. सर्टबॉटचा ड्राय रन (सरावाची फेरी) त्यालाच जोडतो.

क्लायंट निवडताना माझा कल साधेपणाकडे आहे. नवे संकेतस्थळ असेल तर कॅडी हा वेब सर्व्हर, कारण त्यात हे सर्व आपोआप होते. जुन्या मांडणीवर सर्टबॉट. एनजिनएक्सनेही ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःचे ॲकमे मॉड्यूल आणले असून ही दिशा स्वागतार्ह आहे. ॲकमे-डॉट-एसएच हा क्लायंट वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की ऑगस्ट २०२१ पासून त्याचे पूर्वनिर्धारित प्राधिकरण झीरोएसएसएल आहे. लेट्स एन्क्रिप्ट हवे असेल तर ते स्पष्ट सांगावे लागते. शिवाय, लेट्स एन्क्रिप्टने ऑगस्ट २०२५ मध्ये ओसीएसपी सेवा (प्रमाणपत्र रद्द झाले आहे का हे सांगणारी) बंद केल्यामुळे एनजिनएक्समधील स्टेपलिंगच्या (ते उत्तर प्रमाणपत्रासोबतच पाठवण्याच्या) ओळी आता केवळ लॉगमध्ये इशारे भरतात. त्या काढून टाकाव्यात.

डॉट-भारत डोमेनवर देवनागरी नाव घेतलेल्या संस्थांचेही येथे अडत नाही. आंतरराष्ट्रीय लिप्यांतील नावांना ही सेवा २०१६ पासून प्रमाणपत्रे देते. सर्व्हरच्या मांडणीत नाव प्युनीकोड (रोमन अक्षरांतील) रूपात लिहिणे सुरक्षित.

ज्यांना ही सेवा पुरणार नाही असे ग्राहकही आहेत. येथे केवळ डोमेनची मालकी तपासली जाते, संस्थेची ओळख नाही. निविदेत ओव्ही किंवा ईव्ही (संस्थेची ओळख तपासून दिल्या जाणाऱ्या) प्रमाणपत्राची अट असेल तर ते दुसरीकडून घ्यावेच लागेल. दूरध्वनीवर मदत मिळत नाही. दोन सर्व्हरांनी परस्परांची ओळख पटवण्यासाठी लागणारा क्लायंट ऑथेंटिकेशनचा वापर २०२६ मध्ये बंद होत असल्याने त्यासाठी खासगी प्राधिकरण उभारणे योग्य. प्रत्येक प्रमाणपत्रातील नाव सार्वजनिक पारदर्शकता नोंदवहीत कायमचे लिहिले जाते, म्हणून अंतर्गत यंत्रांची बोलकी नावे उघड होऊ द्यायची नसतील तर वाइल्डकार्ड वापरावे. पण एखादी शाळा, वाचनालय किंवा लहान पतसंस्था, जिच्याकडून साध्या डोमेन-पडताळणीच्या प्रमाणपत्रासाठी होस्टिंग विक्रेता आजही दरवर्षी पैसे घेतो, तिने पुढचे बिल भरण्यापूर्वी ‘तुमच्या पॅनेलमध्ये ॲकमेची सोय आहे का’ एवढे लेखी विचारावे, आणि उत्तर नकारार्थी असेल तर होस्टिंगच बदलावे.